तेवीस आडवा, तेवीस उभा

आमच्या घरी रविवारच्या शब्दकोड्याची वाटणी झालेली होती. आडवे शब्द बायकोचे, उभे माझे. आधी अशी वाटणी नव्हती. आधी ज्याला सुचेल त्यानं लिहायचं असं होतं, आणि त्यातून एवढी भांडणं झाली की शेजारच्यांना वाटायचं, सरांच्या घरात काहीतरी मोठं बिघडलंय. मग एका रविवारी तिनंच बांध घातला. "आडवं माझं, उभं तुमचं. एकमेकाच्या रानात यायचं न्हाय." आडवा आणि उभा शब्द जिथं एकमेकांना भेटतात तो चौकोन दोघांच्या मालकीचा. तिथं जो आधी लिहील त्याचं अक्षर राहील. हा कायदा मात्र मी सुचवला. माझ्या हातून झालेल्या बहुतेक घोटाळ्यांची सुरुवात माझ्याच सूचनेनं झालेली आहे.

मी मराठीचा शिक्षक होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या ईट गावात अजून मला 'सर' सोडून दुसरं नाव नाही. बायको सातवी पास. त्यामुळं कोड्यात माझा वरचष्मा असायला पाहिजे होता. रोजचं छोटं कोडं मी चहा संपायच्या आत एकटाच सोडवायचो, त्यात ती लक्षही घालत नसे. रविवारचं कोडं वेगळं. ते अर्धं पान अडवून बसायचं आणि करणारा पुण्यातला जो कोणी असेल त्याचं दर शनिवारी कुणाशी तरी भांडण होत असावं, इतका राग त्या कोड्यात असायचा.

तिथं माझं शिक्षण उघडं पडायचं. कमळाला मला दहा-बारा शब्द येतात. प्रत्यक्षात कमळ मी एकदाच जवळून पाहिलंय आणि ते प्लॅस्टिकचं निघालं. पण "चुलीला जोडून असलेली लहान चूल, दोन अक्षरं" असं आलं की माझी गाडी थांबली. मी शेगडी म्हणालो. शेगडीला तीन चौकोन लागतात, म्हणून मी पहिली दोन अक्षरं एकाच चौकोनात कोंबली. ती सुपात हरभरा निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "काय लिवलंव?"

"शेगडी."

"दोन म्हणलं न्हवं? वैल हाय ते. तीस वर्सं तुमच्या चहाचं आधण वैलावर ठिवलं, तरी तुमाला ठाव न्हाय."

असं चालायचं. पेपर माझ्या हातात, सूप तिच्या हातात. मी सूत्र वाचायचो, म्हणजे शब्द ओळखायला दिलेली ओळ, आणि ती हरभऱ्यातला खडा बाजूला टाकावा तसा शब्द टाकायची. मग पदराला हात पुसून पेपर माझ्याकडून घ्यायची आणि आडवा शब्द स्वतः लिहायची. माझ्या अक्षरावर तिचा विश्वास नव्हता. ती पेन्सिलीनं लिहायची. मुलगा शाळा संपवून पुण्याला गेला तेव्हा मागं राहिलेली बोटभर पेन्सिल होती, तिचं टोक ती विळीवर काढायची. मी पेननं लिहायचो. मुलांना आयुष्यभर मी मन लावून एकच गोष्ट शिकवली, ती ही की पेपरात जागा कोरी ठेवायची नाही. येत नसलं तरी काहीतरी लिहा, तपासणाऱ्याला दया येते. मला स्वतःलाही कोरा चौकोन बघवत नाही. सुचलं की पेन टेकवायचं. ती म्हणायची, "जरा दम काडा, आजूबाजूचं येऊ द्या." तोवर शाई वाळलेली असायची.

तो रविवार असाच होता. हरभरा नुकताच घरात आला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. जेवणं झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. दोन तासांत बाकी सगळं कोडं भरलं, हे आमच्यासाठी नवलच होतं. खालच्या बाजूला उजवीकडं एक कोपरा राहिला. तिथं तेवीस आडवा आणि तेवीस उभा एकाच चौकोनातून सुरू होत होते. दुसरा कुठला शब्द त्यांना येऊन भिडत नव्हता, त्यामुळं मदतीला काही नाही. उभा, म्हणजे माझा: "बैल हाकण्याचे साधन, तीन." आडवा, म्हणजे तिचा: "घरालगतची मोकळी जागा, तीन."

मी वाचलं आणि वाचता वाचताच लिहिलं. आसूड. शाईनं.

तिनं सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवणं हे आमच्या घरात गंभीर लक्षण होतं.

"आसूड कशाला लिवलाव? पराणी हाय ते."

"आसूडही चालतो."

"आसूड मारायला असतोय. हाकायला पराणी. माझ्या बापाच्या हातात उभा जन्म पराणी व्हती. टोकाला लोखंडाची आर लावल्याली काठी. बैलाला नुसती दाखवली की बैल चालायचं. आसूड त्येनी खुंटीला लटकून ठिवला व्हता, त्यो कवा काडल्याला म्या बघितला न्हाय."

"तुझ्या वडलांचं राहू दे. सूत्रात साधन म्हणलंय."

"मग पराणी काय भांडं हाय? आन माझं परस कुठं घालू? पराणीचा प, परसाचा प. बसत हुतं की नीट."

"तू आवार लिही. आसूडचा आ, आवारचा आ. तेही बसतंय."

"आवार शाळंला असतंय," ती म्हणाली. "घराला परस असतंय."

उत्तर सुचलं नाही की मी आवाज चढवतो, ही वर्गातली सवय. मी म्हणालो, कायदा म्हणजे कायदा, आधी लिहील त्याचं अक्षर. ती म्हणाली, कायदा तुमचाच हाय. तिनं आडवा शब्द कोराच ठेवला. पेपरची घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली सरकवून दिली. उत्तरं पुढच्या रविवारच्या पेपरात यायची होती.

सोमवारी संध्याकाळी ती भाकरी करत होती. मी पाटावर बसलो होतो. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, "तुमी एकदा म्हणा की, चुकलं."

"रविवारी छापून येऊ दे. मग म्हणतो."

"छापून आल्यावर काय," ती म्हणाली. "तवा कुणीबी म्हणतंय."

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली.

मंगळवारी दुपारी ती जरा पडते म्हणाली आणि उठली नाही. जीप करून दवाखान्यात नेलं, पण ते नुसतं नेणंच होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं ते जीपमध्ये बसल्यावरच मला माहीत झालेलं होतं. तरी मी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली. पालक मुलाची तक्रार सांगतात तेव्हा हलवायचो तशी.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी काहीतरी सांगतो. खरं म्हणजे सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय असतो, दिसतो, पण आपला वाटत नाही, तसं सगळं अंग होतं. लोक येत होते. चहा येत होता. शेजारच्या घरातून येत होता, कारण आमच्या चुलीला हात लावायचा नव्हता. मी ओसरीवर बसून येणाऱ्याला दर वेळी तेच, त्याच शब्दांत सांगत होतो: दुपारी पडली, तीनच्या सुमारास मी चहा मागितला, उत्तर आलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मला ते पाठ झालं. कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, सगळं. एकानं जाताना मुलाला दबक्या आवाजात सांगितलं, "सरांना रडू द्या. आत धरून ठिवलंय त्येनी." मी आत काय धरून ठेवलंय ते बघायला आत गेलो, तर काहीच नव्हतं.

मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सगळं बघत होता. श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायचा होता. त्यानं मोबाइलवर नमुना दाखवला. मी चष्मा लावला, दोन वेलांट्या आणि एक उकार सुधारला, आणि पास केला. फ्लेक्स स्टँडसमोर लागला. दोन दिवसांनी मी तिथून जाताना वर बघितलं आणि तेव्हा लक्षात आलं की मोबाइलवर मी फक्त अक्षरं तपासली होती, तिचा फोटो बघितलाच नव्हता. फोटो कुठल्यातरी लग्नातला होता. ती कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला कुणाला तरी काहीतरी सांगत होती. बहुतेक मलाच.

मी स्टँडवर कशाला गेलो होतो तेही सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. तो सहावा दिवस होता आणि रविवार होता. सकाळी आठला मी टोपी घातली, चप्पल घातली आणि पेपर आणायला निघालो. नेहमी जातो तसा. वाटेत लोक थांबून बघत होते. मला वाटलं, सहानुभूतीनं बघतायत. पेपरवाल्यापुढं उभा राहिलो तेव्हा त्याचा चेहरा बघून कळलं की बायको जाऊन सहा दिवस झालेला माणूस सुतकात स्टँडवर पेपर घ्यायला आलेला आहे. त्यानं पेपर हातात दिला. मी तो काखेत मारला आणि आलो. दुपारपर्यंत गावभर झालं असणार.

घरी मुलगा दारातच उभा. "पप्पा, कुठं गेला होता?"

"पेपर आणायला."

तो माझ्याकडं आणि पेपरकडं बघत राहिला. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाला, "कोड्याचं उत्तर बघायचंय का? थांबा, मोबाइलवर पण येतं ते."

कोड्याचं भांडण त्याला ठाऊक होतं. सोमवारी फोनवर आईनं त्याला सगळं सांगितलं होतं. "पप्पानं आसूड लिवलाय बघ," असं.

"नको," मी म्हणालो. "तूही बघू नको."

पेपरची घडी न मोडता मी तो फळीवर ठेवून दिला. असं का केलं हे त्या वेळी मला नीट सांगता आलं नसतं. आता सांगतो. छापून आल्यावर कुणीही म्हणतं, असं ती म्हणाली होती. उत्तर वाचून मग 'चुकलं' म्हणायचं, तर त्याला काही अर्थ नव्हता. म्हणायचं असेल तर आधी म्हणायला पाहिजे होतं. पण ते म्हणायला तोंड उघडत नव्हतं. ज्याला म्हणायचं ते माणूस गेलेलं, घरात वीस माणसं, आणि मला अजून वाटत होतं की आसूड बरोबर असू शकतो. बायको गेली तरी माझं हे गेलं नव्हतं.

दहावा गुरुवारी होता. गावाबाहेर ओढ्याच्या काठावर करंजाची दोन-तीन झाडं आहेत, तिथं आमच्याकडं हे विधी करतात. ओढ्याला पाणी नव्हतं, पाणी घागरीनं आणलं होतं. मुलाचं डोकं भादरून झालं. तो एकदम लहान दिसायला लागला. पिंड मांडले. भटजी माझाच विद्यार्थी, सातवीत मी त्याला मराठीत नापास केलेला. त्यानं सगळ्यांना मागं सरायला सांगितलं आणि आम्ही सगळे वीस-पंचवीस पावलं मागं येऊन उभे राहिलो.

पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची काही इच्छा मागं राहिली नाही असं धरतात. नाही शिवला तर काहीतरी अडकून आहे. मग नातेवाईक एकेक करून मोठ्यानं शब्द देतात, अमुक करतो, तमुक सांभाळतो, आणि ज्या शब्दाला कावळा उतरतो ती इच्छा होती असं समजायचं.

कावळे होते. दोन विजेच्या तारेवर, एक करंजावर. तिघांनीही पिंडाकडं पाठ केलेली.

पंधरा-वीस मिनिटं गेली. ऊन चढलं. मेहुणा पुढं सरकला, हात जोडले आणि ओढ्याच्या दिशेनं म्हणाला, "ताई, दरसाल तुळजापूरला तुझ्या नावानं आईची वटी भरीन."

कावळा चोच पुसत बसला.

"ताई, तुझ्या पोराचं लगीन ह्याच साली करू. पोरगी मी बगतो."

मुलानं भादरलेलं डोकं वर केलं. "मामा, हे काय मधीच?"

"गप रं. तिचा जीव त्यात असंल तर?"

कावळ्याचा जीव त्यात नव्हता. मेहुण्यानं थोडा वेळ विचार केला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "ताई, दाजीची काळजी करू नगं. दाजीला आमी सांबाळू."

यावर तारेवरच्या दोघांपैकी एक उडून गेला. मला ते जरा लागलं. म्हणजे लागायला पाहिजे, असं वाटलं.

भटजी माझ्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमचं काही राहिलंय का? तुम्ही काही म्हणा."

मी हात जोडले. म्हणालो, "सगळं नीट करीन." हे इतकं पोकळ होतं की मला स्वतःलाच ऐकवलं नाही. आयुष्यभर मी अशा उत्तरांना शून्य दिलेलं आहे. मग ओठातल्या ओठात पुटपुटलो.

"मोठ्यानं, सर," भटजी म्हणाला. "तिथपर्यंत गेलं पाहिजे."

सातवीत तो कविता म्हणायला उभा राहिला की मी हेच म्हणायचो. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे. आता मला काहीच होत नव्हतं. मी शाळेत हजेरी घ्यायचो त्या आवाजात म्हणालो,

"परस बरोबर आहे. आसूड चुकला. शाईनं लिहिलाय म्हणून खोडता येत नाही, पण चुकला. पराणीच पाहिजे होती."

मागून मेहुण्याचा आवाज आला.

"दाजी? काय म्हणायलाव?"

"कोड्यातलं आहे."

"कशातलं?"

"रविवारच्या कोड्यातलं. बैल हाकण्याचं साधन, तीन अक्षरं. तुझी बहीण पराणी म्हणत होती. मी आसूड लिहिला."

मेहुणा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला वाटलं आता मला सावलीत नेऊन बसवतील, पाणी मारतील. पण त्याच्या कपाळाला आठी पडली आणि तो म्हणाला, "आसूड? आसूड कवा हाकायला असतोय? आमच्या बापानं कवा आसूड हातात धरला न्हाय. पराणीच की."

"म्हणूनच म्हणालो, चुकलं."

मागून एक जण म्हणाला, "गाडीला आसूड घेत हुते की. शर्यतीच्या गाडीला."

"शर्यतीचं येगळं. नांगराला कोन आसूड घेतंय? दोनी हातात काय काय धरायचं?"

"आन औताला चाबूक?"

"चाबूक टांग्याला, लेका. तुझ्या बापाकडं बैल हुतं का कवा?"

"हुतं की. एक हुता."

"एक बैल! एका बैलाला काय आसूड आन काय पराणी, पुड पेंड दाखवली की येतंय."

"आता कुठं कुणाच्या दारात बैल ऱ्हायलेत, उगी भांडायलाव. ट्रॅक्टरला काय टोचताव?"

चांगलं पेटलं. दहा दिवस तोंड पाडून बसलेली माणसं एकदम जिवंत झाली. दोघं जण तर कमरेवर हात ठेवून समोरासमोर उभे राहिले. आरेला आमच्या भागात आणखी काय म्हणतात यावर दुसरा वाद सुरू झाला. मी मधे उभा होतो. मला एवढंच कळत होतं की अख्ख्या ओढ्याकाठी एक माणूस सोडून कुणी आसूडच्या बाजूनं नव्हतं, आणि तो एक माणूस शर्यतीबद्दल बोलत होता.

"शिवला," मुलगा म्हणाला.

कुणी ऐकलं नाही.

"मामा, शिवला!"

सगळे वळले. करंजावरचा कावळा पिंडावर होता. तो नेमका कधी उतरला हे मुलाशिवाय कुणीच बघितलं नव्हतं. त्यानं भाताचं एक ढेकूळ उचललं आणि ओढ्यापलीकडं गेला. मग तारेवरचाही आला. भटजीनं हात जोडले. मेहुण्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मुलगाही रडला. मी टोपी काढून पुन्हा घातली.

परत येताना जीपमध्ये मेहुणा डोळे पुसत म्हणाला, "बगितलंव का दाजी? पोराच्या लग्नात अडकला हुता जीव. मी म्हणलं तवा त्यो कावळा मान वळवून बगत हुता. मी नीट बगत हुतो."

"मामा, तेव्हा नाही शिवला," मुलगा म्हणाला.

"जरा येळ लागतोय त्यास्नी."

मला त्याच्याशी भांडायचं नव्हतं. आणि खरं तर मलाही खात्री नव्हती. दहा मिनिटांत आम्ही दोघांनी काय काय कबूल केलं होतं, त्यातलं कावळ्याला काय पटलं हे कोण सांगणार?

घरी आल्यावर आंघोळ झाली, जेवण झालं. लोक ओसरीवर आडवे झाले. मी स्वयंपाकघरात गेलो आणि पिठाच्या डब्याखालचा पेपर काढला. डबा त्या दिवसापासून हललेला नव्हता. कोडं होतं तसंच होतं. सगळीकडं तिची फिकट, गोल अक्षरं आणि माझी निळी, तिरकी. खालच्या कोपऱ्यात माझा आसूड उभा आणि त्याच्या शेजारी दोन कोरे चौकोन. खिडकीत तिची पेन्सिल होती. 'आ'वर 'प' काढायचा प्रयत्न केला. शाईवर पेन्सिल दिसत नाही. एवढं मला कळायला पाहिजे होतं. जरा जोर दिला तर टोक मोडलं आणि कागदाला भोक पडलं. पुढचे दोन चौकोन मात्र कोरे होते, तिथं 'र' आणि 'स' लिहिलं. मोडक्या टोकानं ते बरं आलं नाही. पेन्सिलीला टोक करायला विळी घेतली, पण ते मला जमत नाही, बोट कापून घेईन म्हणून ठेवून दिली.

तेराव्याच्या दिवशी पुन्हा रविवार आला. या वेळी मी स्टँडवर गेलो नाही, पेपरवाल्यानंच पेपर दारात टाकला. जेवणावळीच्या गर्दीत तोही फळीवर गेला. गोड जेवण झालं, पाहुणे गेले. मेहुणा जाताना म्हणाला, "दाजी, येत ऱ्हावा. आन पोरीचं मी बगतो." मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं पुण्याला निघणार होता. तेरा दिवसांच्या वर त्याला सुटी नव्हती.

सोमवारी सकाळी तो आंघोळीचं पाणी तापवायला परसात बंब पेटवत होता. लाकडं ओली होती. तो आत आला, फळीवरून पेपर काढला आणि म्हणाला, "पप्पा, हा जुना पेपर बंबाला घेऊ का?"

मी बघितलं. सहाव्या दिवशीचा होता. घडी तशीच.

"थांब," मी म्हणालो.

त्यालाही आठवलं. पेपर माझ्या हातात देऊन तो तिथंच उभा राहिला. मी चष्मा लावला, पुरवणी काढली आणि मागचं पान उलटलं. 'मागील कोड्याचे उत्तर' असं लिहून खाली बारीक चौकोनांत सगळं छापलेलं होतं. मी आधी दुसरेच शब्द तपासले. नुसता उशीर लावायला. मग खालच्या कोपऱ्यात आलो.

तेवीस उभा: आसूड. तेवीस आडवा: आवार.

मी दोनदा वाचलं. आयुष्यात रविवारच्या कोड्यात तिच्याविरुद्ध मी पहिल्यांदाच बरोबर आलो होतो. तेही दोन्ही बाजूंनी, उभा आणि आडवा. असं कधी झालं तर काय काय बोलायचं हे मी वर्षानुवर्षं तयार करून ठेवलेलं होतं. आठवून बघितलं, तर एक वाक्य आठवेना. कोंबडा आरवला, बंबातून धूर येत होता. मी त्या बारीक चौकोनांकडं बघत राहिलो आणि त्या पुण्यातल्या माणसानं कधी नांगर धरला असेल का, याचा विचार करत होतो.

"काय निघालं?" मुलानं विचारलं.

"आईचं बरोबर," मी म्हणालो.

"पराणी?"

"पराणी. आणि परस."

"मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "तुमचं कधी बरोबर आलंय?"

"कधीच नाही," मी म्हणालो आणि ते पान काढून त्याच्या हातात दिलं. "घे. हे आधी घाल, पातळ आहे, लगेच पेटेल."

तो परसात गेला. मी दारात उभा राहून, तो पान चुरगाळून बंबाच्या तोंडात सरकवतो की नाही, ते बघितलं. त्यानं सरकवलं. वाचलं नाही. लाकडं पेटली. पाणी नेहमीइतकंच तापलं, आणि आधी त्यानं आंघोळ केली, मग मी.